अश्वगंधा लावण्याआधी नीमचच्या मंडीत एक फोन करा

दोन एकर अश्वगंधेत माझे 1,05,500 रुपये गेले. परत आले 38,400. कंपनी नागपूरची. तक्रार चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

बियाणं तेच देणार, मुळंही तेच घेणार, हा प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होता. मी अडाणी नाही, लोभीही नाही. पऱ्हाटी बोंडअळीनं नेली, त्याच वर्षी मुलीची कॉलेजची फी आली. अशा वेळी कोणी स्टॅम्पपेपरवर भाव लिहून देत असेल तर माणूस ऐकतोच.

बियाणं 10 किलो, 3,500 रुपये किलोनं 35,000. नोंदणी एकरी 12,000. प्रशिक्षणाचे 5,500. हे 64,500 एका माणसाच्या खासगी खात्यात गेले. कंपनीच्या नावानं खातं नसेल तर एक रुपयाही देऊ नका! मशागत, निंदण, खोदाईचे 41,000 वेगळे.

सही करताना काकाजी सोबत होते. त्यांनी विचारलं, "मंडीत काय भाव आहे याचा?" कंपनीचा पोरगा म्हणाला, "काकाजी, हे मंडीत विकतच नाही, फक्त आम्हीच घेतो." तिथंच उठायला पाहिजे होतं. मध्य प्रदेशात नीमचच्या मंडीत अश्वगंधेची मुळं उघड विकली जातात. एका फोनचं काम होतं. उलट मीच काकाजींना म्हणालो, तुम्ही जरा गप्प बसा. अजून त्यांच्याशी नजर मिळवता येत नाही.

एकरी 10 क्विंटल वाळलेली मुळं निघतील म्हणाले. चांगल्या जमिनीतही एकरी तीनच्या आसपास निघाली तर खूप. त्यात याला हलकी, निचऱ्याची जमीन लागते आणि माझं वावर काळं, पाणी धरणारं. धुऱ्यावर येऊन माती कोणी पाहिली नाही. माती न पाहता बियाणं देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. सप्टेंबरात पेरलं, फेब्रुवारीत खोदलं, 3 क्विंटल 20 किलो भरलं. तोवर फोन बंद, ऑफिसला कुलूप. शेवटी मीच माल नीमचला नेला. भाडं, अडत कापून हाती आले ते 38,400.

तालुक्याच्या ठाण्यात म्हणाले, ऑफिस नागपुरात, तिकडे जा. नागपुरात म्हणाले, वावर आमच्या हद्दीत नाही. तिसऱ्यांदा गेलो तर "करार आहे ना, मग दिवाणी मामला, वकील करा." कृषी कार्यालयात साहेब म्हणाले, आम्हाला विचारून लावलं होतं का? अहो, विचारायला दोनदा आलो होतो, खुर्ची रिकामी होती! भारतीय नागरिक सुरक्षा संहिता 1 जुलै 2024 पासून लागू आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्यानं घ्यायची असते. हे मला वकिलानं सांगितलं, तेही 2,000 रुपये घेऊन. फसवणूक झालेल्या शेतकऱ्याला बाकावर तीन तास बसवून ठेवायचं आणि वर त्यालाच मूर्ख ठरवायचं, याची चीड पैसे गेल्याहून जास्त आहे.

अर्ज द्याल तर दोन प्रती न्या, शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका. माझ्या पहिल्या अर्जाची पोच नाही, म्हणून तो अर्ज आता कुठंच सापडत नाही.