वस्तीत शिवणकाम शिकवायचे, पण कोणत्या रीतीने? तीन पर्यायांची तुलना

अल्प उत्पन्न असलेल्या वस्तीत शिवणकाम शिकवण्याचे ठरवणारे स्वयंसेवक बहुतेक वेळा मशीन किती घ्यायची, या प्रश्नापासून सुरुवात करतात. माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. वर्ग सुटल्यावर शिकणारी व्यक्ती कशावर शिवणार, हे आधी ठरले पाहिजे. शिवण हे हाताच्या सवयीचे काम असल्यामुळे ते सरावाविना टिकत नाही, आणि ज्या घरात मशीन नाही तिथे आठवड्यातून एकदा शिकलेले पुढचा वर्ग येईपर्यंत बरेचसे विसरले जाते. स्वयंसेवकांना सहसा तीन मार्ग उपलब्ध असतात: हातशिलाई आणि दुरुस्तीची छोटी शिबिरे, काही महिन्यांचा मशीनवरचा शिवणवर्ग, आणि ज्यांना येईल त्यांनी येऊन शिवावे असा खुला शिवणकक्ष. या तिन्हींची तुलना याच कसोटीवर करणे योग्य ठरेल.

दुरुस्तीच्या शिबिराला साधने थोडी लागतात. सुया, दोरे, कात्री, मोजपट्टी आणि शिकणाऱ्यांनी घरून आणलेले फाटके कपडे एवढ्यावर काम सुरू होते. धावदोरा, हातटीप, तुरपाई, ठिगळ लावणे, उसवलेली शिवण बंद करणे आणि बटण लावणे, इतक्या गोष्टी आल्या तरी घरातले अनेक कपडे पुन्हा वापरात येतात. हे काम वरवर सोपे वाटते, म्हणून ते नीट शिकवले जात नाही. बटणाचेच पाहा. जाड कापडावर बटण अगदी चिकटवून लावले की काजात घालताना कापड ओढले जाते आणि दोरा लवकर तुटतो. बटणावर एक आगकाडी आडवी धरून तिच्यावरून टाके घालावेत, मग काडी काढून बटण वर ओढावे आणि त्याच्याखालच्या टाक्यांभोवती दोरा तीन-चार वेळा गुंडाळून गाठ मारावी. बटणाला लहानशी मान मिळते आणि ते कितीतरी जास्त टिकते. असे कारणासहित शिकवलेले तंत्र शिकणारी व्यक्ती त्याच संध्याकाळी घरी वापरू शकते, आणि सुई-दोरा तिच्याकडे असतोच. म्हणजे आपल्या कसोटीवर हा पर्याय पूर्ण उतरतो.

दुरुस्तीची सामूहिक परंपराही नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांचे रेशनिंग होते, ते १९४९ पर्यंत चालले, आणि त्या काळात जुन्या कपड्यांतून नवे कसे काढावे हे शिकवणारे वर्ग गावोगावी भरत असत. अलीकडच्या काळात मार्टिने पोस्टमा यांनी २००९ मध्ये ॲमस्टरडॅम येथे सुरू केलेल्या ‘रिपेअर कॅफे’मध्ये स्वयंसेवक लोकांच्या शेजारी बसून वस्तू दुरुस्त करू लागले. आता अशी केंद्रे अनेक देशांत आहेत आणि बऱ्याच ठिकाणी कपड्यांसाठी वेगळे टेबल असते. या पद्धतीतला शेजारी बसण्याचा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण फळ्यापुढे उभे राहून शिवण शिकवता येत नाही. या पर्यायाची मर्यादा मात्र स्पष्ट आहे: हातशिलाईतून घरखर्च वाचतो, पण नियमित उत्पन्न सहसा मिळत नाही.

उत्पन्नाची अपेक्षा ठेवूनच बहुतेक जण दुसऱ्या पर्यायाकडे, म्हणजे मशीनवरच्या शिवणवर्गाकडे वळतात. येथे सर्वांत जास्त विचार हवा, कारण खर्च, श्रम आणि अपेक्षा तिन्ही मोठ्या असतात. एका मशीनमागे दोनपेक्षा जास्त शिकणारे असले, तर बहुतेक वेळ पाहण्यात जातो. एका स्वयंसेवकाकडे सहा-सातपेक्षा अधिक नवशिके नसावेत. सुरुवातीच्या दिवसांत प्रत्येकाचा दोरा काही मिनिटांच्या अंतराने अडकतो आणि प्रत्येक वेळी कोणीतरी जवळ जाऊन पाहावे लागते. पायमशीन असेल, तर पहिला दिवस दोऱ्याविना, रेघा ओढलेल्या कागदावर नुसती सुई चालवण्यात घालवावा. चाक उलटे फिरू न देता पायाची लय सांभाळणे, रेघेवर राहणे आणि कोपऱ्यावर सुई खाली ठेवून कागद वळवणे, हे एवढे जमले की पुढच्या अडचणी निम्म्या होतात.

अडचणींची कारणे शिकवणे हा या वर्गाचा गाभा असायला हवा, असे मला वाटते. नवशिक्यांच्या कापडाखाली दोऱ्याचा गोळा जमतो, तेव्हा गोळा खाली दिसतो म्हणून दोष बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला दिला जातो. प्रत्यक्षात चूक बहुधा वरच्या दोऱ्यात असते. कापड दाबून धरणारी दाबपट्टी खाली असताना दोरा ओवला, तर तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसत नाही, आणि वरून ताण नसल्यामुळे दोरा खाली साचत जातो. दाबपट्टी वर उचलून दोरा पुन्हा ओवणे एवढाच त्याचा उपाय आहे. टाके सुटत असतील, तर सुई बोथट झाली आहे का किंवा तिची सपाट बाजू चुकीच्या दिशेला आहे का, हे पाहावे. ज्या बाईला हे समजले, ती स्वयंसेवक निघून गेल्यावरही शिवत राहते. जिला केवळ कपडा बेतायला शिकवले, तिचे मशीन पहिल्या बिघाडाबरोबर कोपऱ्यात जाते.

मशीन कोणती घ्यावी, हे वर्गाच्या हेतूवर ठरते. वीज भरवशाची नसेल, तर पायमशीन सर्वांत टिकाऊ. तेल, पट्टा आणि सुई एवढ्यावर ते वर्षानुवर्षे चालते. घरगुती विजेचे मशीन हलके असते आणि काज व झिगझॅगही करते, पण त्याची दुरुस्ती जवळपास होते का, हे आधी पाहावे. कारखान्यातले मशीन मिनिटाला पाच हजार टाक्यांपर्यंत जाऊ शकते, तर घरगुती मशीन साधारण हजाराच्या आतबाहेर. त्यामुळे घरगुती मशीनवर तयार झालेला हात कारखान्यात गेल्यावर पहिल्यांदा बिचकतो. दान म्हणून मिळालेल्या मशीनबाबत विशेष सावध राहावे. वेगवेगळ्या मॉडेलांच्या बॉबिन एकमेकींत बसत नाहीत, आणि ११० ते १२० व्होल्टच्या देशातून आलेले मशीन २२० ते २४० व्होल्टवर थेट जोडले तर जळते. एकाच मॉडेलची चार मशीन मिश्र दहा मशीनपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पूर्ण कपडा शिवायला शिकवला की उत्पन्न सुरू होईल, हे गृहीतक मला सर्वांत जास्त खटकते. स्वस्त तयार कपड्यांशी एकट्या व्यक्तीची स्पर्धा कठीण असते. कारखान्यात नोकरी मिळाली, तरी तिथे एक कामगार बाही लावतो आणि दुसरा कॉलर, पूर्ण कपडा कोणी एकटा शिवत नाही. याउलट, लांबी कमी करणे, कंबर सैल किंवा घट्ट करणे, चेन बदलणे यांसारख्या कामांना भांडवल जवळजवळ लागत नाही, कारण कापड ग्राहकाचे असते, आणि तयार कपडे जितके विकले जातात तितकी ही कामे वाढतात. त्यामुळे वर्ग घ्यायचाच असेल, तर फेरफाराच्या कामांपासून सुरुवात करून पूर्ण कपडा नंतर घ्यावा, आणि एका कामाला किती वेळ लागला व किती मोबदला मागावा, हा हिशेब पहिल्या महिन्यापासून शिकवावा. शिकणाऱ्यांना रोजंदारीमुळे किंवा घरातल्या आजारपणामुळे मधले वर्ग चुकवावे लागतात; प्रत्येक दिवशी एक लहान वस्तू पूर्ण होईल अशी आखणी केली, तर चुकलेल्या वर्गामुळे कोणी कायमचे मागे पडत नाही.

खुला शिवणकक्ष हा पर्याय कमी लोकांना सुचतो, पण आपल्या कसोटीला सर्वांत थेट उत्तर तोच देतो. मशीन कुटुंबाच्या आवाक्याबाहेर असणे ही जुनी अडचण आहे. सिंगर कंपनीने १८५० च्या दशकातच हप्त्यांवर विक्री सुरू केली, कारण एकरकमी किंमत देणे बहुतेक घरांना शक्य नव्हते. सामाईक कक्षात हीच अडचण वेगळ्या रीतीने सुटते: मशीन एका जागी असतात, वेळ नोंदवून कोणीही येते, आणि स्वयंसेवक अडलेल्याला मदत करतो. अनियमित काम करणाऱ्यांना हे फार सोयीचे असते, आणि शेजारी काय शिवते आहे हे पाहून शिकणेही बरेच होते. मात्र नोंदवही नसेल, तर काही जणी दिवसभर मशीन अडवतात आणि लाजाळू व्यक्ती दारातून परत जातात. जागा कायमची हवी, आणि किल्ली वस्तीतल्याच विश्वासू व्यक्तीकडे हवी.

निर्णय घेताना आधी स्वयंसेवकांचे बळ मोजावे. दोन-तीन जण काही महिनेच देऊ शकत असतील, तर दुरुस्तीची शिबिरे घ्यावीत. अर्धवट सुटलेला मशीनवर्ग लोकांचा विश्वास घालवतो. वस्तीत अनेक घरांत मशीन धूळ खात पडलेली असतील, किंवा जवळच्या कारखान्यात कामगारांची मागणी असेल, तर वर्ग सार्थ ठरेल, आणि कारखान्यासाठी असेल तर तो कारखान्यातल्या मशीनवरच घ्यावा. जागा आणि सांभाळणारी स्थानिक व्यक्ती दोन्ही मिळत असतील, तर मी निःसंकोच खुल्या कक्षाची शिफारस करेन: आधी शिबिरे घेऊन कोण नियमाने येते ते पाहावे, त्यांच्यातूनच दोघी-तिघींना तेल घालणे, पट्टा बदलणे आणि ताण जुळवणे शिकवावे, आणि मगच पहिली मशीन विकत घ्यावीत. मशीनवर्ग हवाच असेल, तर तो त्याच कक्षात ठरावीक दिवशी भरवता येतो.