सरकारी ओएसटी सेंटर (हेरॉइनच्या व्यसनावर बदली औषध देतात ते), मुंबई : ५ पैकी ४ स्टार, एक रांगेसाठी कापला

हॉस्पिटलचं नाव मुद्दाम देत नाहीये, दादा अजून तिथेच जातो आणि आमच्या बिल्डिंगमधले सगळे गुगलवर पडीक असतात. नॅकोची, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेची, ही सेंटरं बहुतेक एकाच पद्धतीने चालतात, त्यामुळे दुसरीकडे जाणाऱ्यालाही उपयोग होईल.

दादा बरीच वर्षं गर्दवर (ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉइनच) होता, आधी पन्नीवर ओढायचा, नंतर सुई. व्यसनमुक्ती केंद्रात भरती करून झालं होतं, यायचा तेव्हा गाल वर आलेले, आई खुश, आणि महिना जात नाही तोच परत सुरू. त्या जागांना नावं ठेवत नाही, दारूवाले तिथून सुधारून आलेले बघितलेत. पण महिनाभर लांब राहिलं की अंगाची सवय मोडते आणि बाहेर येऊन जुन्या मापाने घेतलं तर माणूस जाऊ शकतो, हे डिस्चार्जच्या वेळी आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. ते ओएसटीच्या काउन्सेलर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तिथेच मला सेंटर आवडलं.

औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, पैसे शून्य. सिस्टर ती बारीक करून जिभेखाली टाकतात आणि विरघळेपर्यंत समोरच्या बाकावर बसवतात, मग तोंड उघडून दाखवायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही, कारण पोटात गेली की लिव्हर बरीचशी संपवून टाकतं आणि डोस वाया. तोंडात गुटखा असेल तर आधी चूळ भरून या. नंतर पण चूळ भरा बरं का, ही गोळी दातांना त्रास देऊ शकते, पण ब्रश लगेच नाही, तासाभराने. हे तिथे कोणी सांगत नाही, आम्हाला दातांच्या डॉक्टरने सांगितलं.

पहिल्या दिवशी आम्ही सकाळी सकाळी पोचलो तर सिस्टर म्हणाल्या, "आत्ता नाही देणार, जांभया नि नाक गळायला लागलं की ये." दादा चिडला, मी त्याच्यापेक्षा जास्त. मग डॉक्टरांनी नीट समजावलं, की गर्द मेंदूत जिथे बसतं तिथून ही गोळी त्याला हुसकावते आणि स्वतः बसते, पण जोर अर्धवटच लावते, म्हणून अंगात गर्द असताना दिली तर टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, एकदम दणक्यात येते. त्याच अर्धवट जोरामुळे एका पातळीच्या वर नशा चढत नाही. दुपारी डोस दिला, संध्याकाळी दादा वरणभात जेवला, आई बघतच राहिली.

मामा अजून म्हणतात एक नशा सोडून दुसरी लावली. मामांना दाखवलं की डब्ल्यूएचओने २००५ सालीच हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलंय, पण मामा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलंच खरं मानतात. दादा डोस घेऊन थेट कामावर जातो, वहिनीची पर्स आता टेबलावर पडलेली असते, मला एवढं पुरे. कधी बंद करणार हा प्रश्न आम्ही घरात बंद केलाय, ते डॉक्टर बघतील, कमी करायचं ते हळूहळूच.

आता तक्रारी. रोज जायचं म्हणजे रोज, ताप असो की लोकल बंद असो. खिडकी उशिरा उघडते, कामावर लेट मार्क लागतो. रांगेत जुने दोस्त भेटतात आणि गेटबाहेर माल विकणारे पण घिरट्या घालतात, ते कसं चालतं देव जाणे. वॉचमन मोठ्याने "ए गर्दुल्ले, इकडून" म्हणतो, त्याला कोणीतरी सांगा की हे पेशंट आहेत. बद्धकोष्ठ होतं, घाम येतो, ते चालवून घ्यायचं, पण सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या अजिबात नको, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

आणि एक, ही सेंटरं मुख्यतः सुई घेणाऱ्यांसाठी आहेत. फक्त ओढणाऱ्याला आमच्याइथून सायकॅट्री ओपीडीला पाठवतात, तिथे बहुतेक नॅलोक्सोन (गर्दसारख्या नशेचा असर रोखणारं औषध) मिसळलेली गोळी मिळते, ती कोणी विरघळवून टोचली तर टर्की लागते म्हणून मिसळलेलं असतं. कुठे जायचं तेच कळत नसेल तर १४४४६ वर फोन करा, फ्री आहे.

गावी जायचा घोळ वेगळाच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गोळ्या घरी न्यायची परवानगी निघाली होती, त्यामुळे होऊ शकतं हे सगळ्यांना माहितीये, तरी मागायला गेलं की तोंडं वाकडी. पहिल्या गणपतीला दादा एकटा मुंबईत राहिला, आमच्या गावाजवळ सेंटरच नाही. यंदा हजेरी नीट बघून डॉक्टरांनी वहिनीच्या हातात मोजून गोळ्या दिल्या. तुम्हाला हव्या असतील तर श्रावण लागला की लगेच विचारा, आदल्या आठवड्यात गेलात तर डॉक्टरच भेटत नाहीत, ते पण कोकणातलेच.