मुक्त बाजारवाल्यांकडे सहा महिने इंटर्नशिप : माझा अनुभव

खुल्या अर्थव्यवस्थेचा पुरस्कार करणाऱ्या एका अभ्याससंस्थेत सहा महिने इंटर्न होतो. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रार आहे.

पहिल्याच आठवड्यात चिठ्ठ्यांचा खेळ. निम्मे विकणारे, निम्मे घेणारे. प्रत्येकाच्या चिठ्ठीवर त्याची मर्यादा (विकणाऱ्याचा किमान भाव, घेणाऱ्याचा कमाल), ती कुणाला दाखवायची नाही. ओरडून सौदे करायचे. तिसऱ्या फेरीत सगळे सौदे पन्नासच्या आसपास आले, भाव मात्र कुणीच ठरवला नव्हता. मग सरांनी चाळीसच्या वर विकायला बंदी केली आणि बरेच विकणारे गपचूप खाली बसले. मी निफाडकडचा. 8 डिसेंबर 2023 पासून कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा आमचा लाल कांदा निघत होता, जो कांदाचाळीत टिकत नाही, मिळेल त्या भावाला विकावा लागतो. वडिलांना या खेळाची गरज नाही. वाचनाच्या यादीत मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते अर्थतज्ज्ञ हायेक होते, शेतकरी संघटनेचे शरद जोशी नव्हते. आजोबांचा संघटनेचा बिल्ला अजून घरात खुंटीला आहे, त्यामुळे हे जरा लागलंच.

खरी कमाई झाली टिपण लिहिण्यात. विषय मिळाला 2014 चा पथविक्रेता कायदा. विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होईपर्यंत कुणाही विक्रेत्याला उठवता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे; तरी अतिक्रमणाची गाडी दिसली की पथारीवाले गाठोडं बांधतात. मी चार पानं भरली. लिखाण तपासणाऱ्या ताईंनी वरच लिहिलं, ‘मागणी कुठे आहे?’ म्हणजे नेमकं काय व्हायला हवं ते. सातव्या खर्ड्याला एक पान झालं, मागणी पहिल्या ओळीत.

माहिती अधिकाराचा अर्जही तसाच. ‘सर्वेक्षण का झाले नाही?’ असं मी लिहिलं होतं. ताईंनी ते खोडलं. ‘का’ला उत्तर द्यायला अधिकारी बांधील नाहीत, कागद मागायचा. मग ‘शेवटच्या सर्वेक्षणाच्या अहवालाची प्रत द्यावी’ असं लिहून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. कॉलेजच्या तीन वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं. एक्सेल, ईमेल वगैरे ठीकठाक, यूट्यूबवर मिळेल तेवढंच.

आता तक्रार. मानधन दरवेळी दीड-दोन महिने उशिरा. करार पाळण्याचं महत्त्व यावर व्याख्यान झालं त्या दिवशी माझ्याकडे मेसचे पैसे नव्हते. शिवाय सगळा कारभार इंग्रजीत. पथारीवाल्यांशी बोलायचं मराठीत आणि टिपण मात्र त्यांना न कळणाऱ्या भाषेत.

घरून पैसे येत असतील, तर जरूर जा. माझा शेवटचा हप्ता अजून यायचाय. कालच स्मरणपत्र पाठवलं : एक पान, मागणी पहिल्या ओळीत.