छोट्या कॉलेजात कोच की एनएफएलमध्ये क्वालिटी कंट्रोल? जीएची वर्षं संपल्यावरचा निर्णय

अमेरिकन फुटबॉलमधला सहायक कोच जून महिन्यात काय करतो, यावरून दोन जगांतला फरक चटकन कळतो. एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जूनच्या मध्यावर सराव आटोपतो आणि जुलैअखेर ट्रेनिंग कॅम्प सुरू होईपर्यंत महिनाभर घरी राहता येतं. कॉलेजात तोच जून रिक्रूटिंगच्या, म्हणजे नवे खेळाडू मिळवण्याच्या, भेटींचा असतो. शाळेत शिकणारे खेळाडू आईवडिलांना घेऊन कॅम्पसवर येतात. त्यांना जेवायला नेणं, वसतिगृह दाखवणं, आईच्या शंकांना नीट उत्तरं देणं हे सगळं सहायक कोचच करतो.

मी हे लिहितोय ते ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे जीए (मास्टर्स करता करता संघाच्या कोचना मदत करणारा) म्हणून काम संपवत आलेल्यांसाठी. जीएला बेताचं विद्यावेतन मिळतं, फी बहुधा विद्यापीठ भरतं, आणि कामाचे तास कोणी मोजत नाही. अमेरिकेतल्या मराठी घरात हे क्षेत्र निवडायचं तर आधी आईबाबांना समजावावं लागतं. तिथे ही मास्टर्सची पदवी खरोखर उपयोगी पडते, कारण कोचिंग सुटलं तरी ती हातात राहते.

पुढे साधारण दोन वाटा दिसतात. एक, छोट्या विद्यापीठात पोझिशन कोच, म्हणजे लाइनबॅकर्स किंवा रिसीव्हर्स असा एकाच जागी खेळणाऱ्या खेळाडूंचा एक गट पूर्णपणे तुमचा. दुसरी, एनएफएल संघात क्वालिटी कंट्रोल: प्रतिस्पर्ध्याची फिल्म कापायची, आकडे काढायचे, सरावासाठी कार्डं तयार करायची. दुसऱ्या नोकरीचं नाव मोठं आहे. तरीही स्वतःचा गट अजून एकदाही हाताळला नसेल, तर पहिली घ्यावी असं माझं ठाम मत आहे.

मैदानावर उभं राहून बावीस पोरांसमोर चुकल्याशिवाय शिकवणं जमत नाही. एनएफएलमध्ये संघ फक्त ३२ आणि खेळाडू आधीच तयार. तिथे क्वालिटी कंट्रोलवाल्याला बोलायची संधी क्वचित मिळते. कॉलेजमधले खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या सगळ्या श्रेण्या धरल्या तर फुटबॉल खेळणारी कॉलेजं सहाशेहून अधिक आहेत. जॉर्जिया विद्यापीठाचा मुख्य कोच कर्बी स्मार्ट याची सुरुवात बघा. २००० साली डिव्हिजन टू या खालच्या श्रेणीतलं व्हाल्डोस्टा स्टेट. मग फ्लोरिडा स्टेटला जीए, मग लुइझियाना स्टेट (एलएसयू), जॉर्जिया, एनएफएलमधले मायामी डॉल्फिन्स आणि २००७ मध्ये अलाबामा. सात वर्षांत सहा ठिकाणं! म्हणजे जीएचं काम त्याने छोट्या कॉलेजात कोचिंग केल्यानंतर स्वीकारलं. या धंद्यात पायऱ्या सरळ वर जात नाहीत.

माइक मॅकडॉनल्डचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. एनएफएलच्या बॉल्टिमोर रेव्हन्समध्ये लाइनबॅकर्स कोच असताना २०२१ मध्ये तो मिशिगन विद्यापीठात डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे सगळ्या बचावाचा प्रमुख, म्हणून गेला. तिथे एकच हंगाम काढून तो कोऑर्डिनेटर म्हणूनच रेव्हन्सकडे परतला आणि २०२४ च्या सुरुवातीला सिएटल सीहॉक्सचा मुख्य कोच झाला. डाव पुकारण्याची जबाबदारी त्याला कॉलेजने दिली.

मग कॉलेजची किंमत काय? तीही सांगितली पाहिजे. खेळाडूंच्या सरावावर हंगामात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. कोचच्या तासांवर कसलीच नाही. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी नव्या खेळाडूंच्या सह्या. त्याच सुमारास कुठल्या तरी विद्यापीठात मुख्य कोच बदलतो आणि तुमचाच कोऑर्डिनेटर तिकडे निघून जातो. संघ प्लेऑफमध्ये असेल तर सामन्यांची तयारी डोक्यावर. २०२६ पासून ट्रान्स्फर पोर्टलचा, म्हणजे खेळाडूंना कॉलेज बदलण्यासाठी नाव नोंदवण्याचा, काळ जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात आला आहे. तेव्हा तुमच्याच गटातली दोन पोरं जातात आणि त्यांच्या जागी दुसरी शोधायला तुम्हीच फोनला लागता.

हे जाणं मनाला लागतं. २०२१ पासून एक हंगाम बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून नाव आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभाही मिळाली. खेळाडूंना हे हक्क मिळायलाच हवे होते, असंच मला वाटतं. पण ज्याला थ्री-पॉइंट स्टान्समध्ये, म्हणजे एक हात जमिनीला टेकवून, बसायलाही येत नव्हतं, त्याला दोन वर्षं घडवल्यावर तो मोठ्या विद्यापीठात गेला, तर त्या शनिवारी त्याचा खेळ टीव्हीवर बघताना काय वाटतं हे कोचलाच ठाऊक. एनएफएलमध्ये ड्राफ्टमधून (संघांनी पाळीपाळीने केलेल्या निवडीतून) आलेला खेळाडू चार वर्षांच्या कराराने बांधलेला असतो. घडवायला वेळ मिळतो.

जेफ हॅफ्लीने २०२४ च्या सुरुवातीला बोस्टन कॉलेजचं मुख्य कोचपद सोडलं आणि एनएफएलच्या ग्रीन बे पॅकर्समध्ये डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरची जागा घेतली. पद उतरत्या क्रमाचं, पण फक्त फुटबॉलचं. ज्यांचा जीव फिल्ममध्ये आहे आणि ज्यांना सतरा वर्षांच्या मुलाला रोज मेसेज करणं जड जातं, त्यांना एनएफएलच मानवेल. मात्र तिथे नोकरी अधिक सुरक्षित असते हा समज सोडा. चिप केली ओहायो स्टेट विद्यापीठाचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा प्रमुख) असताना संघाने जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं. मग तो एनएफएलच्या लास वेगास रेडर्सकडे गेला आणि त्याच नोव्हेंबरमध्ये त्याला काढून टाकलं.

खेळातला फरकही लक्षात घ्या. प्रत्येक डाव मैदानावरच्या खुणांच्या दोन रांगांच्या, म्हणजे हॅश मार्क्सच्या, आत किंवा त्यांच्यावर सुरू होतो. कॉलेजच्या मैदानावर या रांगांमधलं अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये साडेअठरा. त्यामुळे कॉलेजात एका बाजूला मोकळं रान मिळतं आणि निम्मे डाव त्यावर रचले जातात. ते शिकलेलं सगळं एनएफएलमध्ये चालत नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. शिखरावर कॉलेज कमी नाही: एलएसयूने २०१८ मध्ये डेव्ह अरांडाला कोऑर्डिनेटर म्हणून वर्षाला २५ लाख डॉलर दिले. पायथ्याशी दोन्हीकडे ओढाताणच असते. सरकारी विद्यापीठांतले पगार बहुतेक वेळा जाहीर असतात, म्हणून तिथे घासाघीस करताना तुमच्या हातात आकडे असतात. एनएफएलमध्ये सहायकांचे पगार जाहीर होत नाहीत.

आणि घर. बड फॉस्टर १९८७ मध्ये व्हर्जिनिया टेकला आले आणि २०१९ चा हंगाम संपवून निवृत्त झाले: ३३ हंगाम, एकच गाव, ब्लॅक्सबर्ग. २००६ मध्ये त्यांना सर्वोत्तम सहायक कोचसाठीचा ब्रॉयल्स पुरस्कार मिळाला. मुख्य कोच ते कधीच झाले नाहीत. असं आयुष्य दुर्मीळ आहे, पण ते कॉलेजात घडू शकतं, कारण तिथे गाव आणि संघ एकमेकांत मिसळलेले असतात. मुलांची शाळा बदलायची नाही हे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं असेल, तर आपल्या पगाराआधी मुख्य कोचच्या कराराची किती वर्षं उरली आहेत ते विचारा. तो गेला की बहुधा सगळा स्टाफ जातो. तुम्हाला मध्येच काढलं तर उरलेले पैसे मिळतील का, आणि दुसरी नोकरी लागल्यावर त्यातून नवा पगार वजा होईल का, ही दोन उत्तरं सही करण्याआधी लेखी घ्या.