डावखुऱ्याला डावखुरंच राहू देणारा फाइटिंगचा क्लास (४ स्टार, एक का कापला ते खाली)

सहा महिने झाले म्हणून आता लिहितोय, दुसऱ्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर दोनच स्टार दिले असते, कारण तोपर्यंत सरांनी मला पंचिंग बॅगला हातसुद्धा लावू दिला नव्हता. पैसे भरून आलेला माणूस, नवे ग्लोव्हज घेतलेले, आणि हे मला कागदाचा गोळा फेकायला लावतायत, बॉलला लाथ मारायला लावतायत, भिंत ढकलायला सांगतायत. म्हटलं इथंपण फसलो.

आधीचं थोडं सांगतो. मी ३९ वर्षांचा, उंची पाच फूट चार, डावखुरा, आणि डाव्या गुडघ्याचं लिगामेंट क्रिकेटमध्ये गेलेलं. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी आठ महिने किकबॉक्सिंग केलं (नाव नको, भांडण नकोय), तिथं चाळीस जणांची बॅच, भिंतीवर कॉम्बिनेशनचा चार्ट आणि सगळ्यांनी डावा पाय पुढं ठेवूनच उभं राहायचं. मी डावखुरा आहे सांगितलं तर म्हणाले होईल सवय. सवय झाली नाही, कोपर मात्र धरलं. बॅगपासून किती लांब उभं राहायचं ते तिथल्या सहा फुटी असिस्टंटला बघून शिकलो होतो ना, मग माझा जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) पोचायलाच हात पूर्ण ताणावा लागायचा आणि प्रत्येक पंचला कोपर खटकन लॉक व्हायचं.

इथं तो कागदाचा गोळा मी डाव्या हाताने फेकला आणि बॉल उजव्या पायाने मारला, मला स्वतःला हे कधी लक्षात आलं नव्हतं. सरांनी वही काढली, शाळेतली दोनशेपानी, प्रत्येकाचं एक पान. माझ्या पानावर लिहिलं : साउथपॉ (डावखुऱ्याचा पवित्रा), पुढच्या पायाची टीप (समोरच्याला लांब ठेवणारी सरळ लाथ), दोरीच्या उड्या बंद, राउंड दोन मिनिटांचा. उजवा पाय पुढं, म्हणजे लाथेचा चांगला पाय पुढं आणि जोराचा हात मागं. मग मॅटवर लाल टेपचे दोन तुकडे चिकटवले, मला उभं केलं, मागचा तुकडा काढून चार बोटं आत घेतला आणि म्हणाले, "हे तुझ्या मापाचं आहे, माझ्या टेपवर उभा राहू नकोस." त्यांची टेप शेजारीच होती, हिरवी.

गुडघ्याचं पण तसंच. डावा क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ पंच, मारताना मी मागचा पाय रोवून नुसती कंबर फिरवत होतो, सगळा पीळ गुडघ्यात. आता टाच उचलून अख्खा पाय चवड्यावर फिरवायचा, दोन आठवडे फक्त हेच, पंच न मारता. कंटाळा आला, खोटं कशाला बोलू, पण गुडघा पहिल्यांदाच रात्री गप्प राहिला.

आणि खरी मजा स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला आली. समोरचा नेहमीचा उजव्या हाताचा असला की त्याचा पुढचा पाय नि माझा पुढचा पाय एकमेकांना अडतात, तर माझा पाय त्याच्या पायाच्या बाहेर ठेवायचा, मग डावा हात सरळ रेषेत येतो. उंच माणसाच्या तोंडापर्यंत माझा हात पोचत नाही तर सर म्हणाले तोंड सोड, पोट घे, लिव्हर त्याच्या उजव्या बाजूला म्हणजे तुझ्या डाव्या हातासमोरच आहे. जो फ्रेझर या बॉक्सरचं सांगतात ते नेहमी, लहानपणीच्या दुखापतीने त्याचा डावा हात पूर्ण सरळ होत नव्हता आणि १९७१ ला पंधराव्या राउंडला मुहम्मद अलीला खाली पाडलं ते त्याच हाताच्या हुकने, म्हणजे कोपर वाकवून मारलेल्या पंचने. मला फ्रेझर करायला निघालेत असं नाही, पण ऐकायला बरं वाटतं!

बॅचला एक कोल्हापूरकडचा पैलवान आहे, कान फुटलेले, मान माझ्या मांडीएवढी. त्याला सरळ उभं राहून जॅब मारायला लावला नाही, त्याचा वाकलेला पवित्रा तसाच ठेवलाय, फक्त पट काढताना (पाय धरून पाडताना) डोकं आतल्या बाजूला घ्यायला शिकवतायत कारण बाहेर राहिलं की समोरच्याला आवळायला गळा आयता मिळतो. मातीत त्याला गळ्याची भीतीच नव्हती, ही सवय मोडायला वेळ लागतोय बिचाऱ्याला. एक अकरावीतली मुलगी आहे, लांब हातापायांची, तिला नुसतं जॅब आणि टीप, जवळ कुणाला येऊच द्यायचं नाही. एकाच तासात तीन वेगळे धडे चाललेले असतात आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं गोंधळ आहे.

आता स्टार कापल्याचं कारण. स्पर्धेचे दिवस आले की सर पोरांना घेऊन बाहेर जातात, मग असिस्टंट बॅच घेतो आणि वही कपाटात बंद, सगळ्यांना सरसकट शंभर बर्पी (हात टेकून पाय मागं फेकायचे, परत उठून उडी). मी त्याला गुडघ्याचं सांगितलं तर म्हणाला, दादा हळू करा. अहो हळू बर्पी म्हणजे काय? शेवटी मी कोपऱ्यात जाऊन शॅडो (हवेत पंच मारायचा सराव) करत बसलो. निदान त्या पानाचा फोटो काढून त्याला द्या, एवढंच म्हणणं आहे.

बाकी पार्किंग नाही, चेंजिंग रूम एकच आणि कडी लागत नाही. कायम वीस जणच घेतात त्यामुळे संध्याकाळी जागा मिळणं अवघड, सकाळी सहाची विचारा. हँडरॅप (ग्लोव्हजच्या आत हाताला गुंडाळायच्या पट्ट्या) स्वतःचे न्या, साडेचार मीटरवाले, तिथले कायम ओले असतात.