जुनी सीएनसी मिल घेताय? बॅकलॅश असा लपवला जातो

वाळूज औद्योगिक वसाहतीच्या परिसरात जुन्या मशीनची खरेदी-विक्री करणाऱ्या एका व्यापाऱ्याने मला छोटी सीएनसी मिल (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणारे मशीन) विकताना फसवले, आणि तेही डायल गेज (सूक्ष्म हालचाल काट्याने मोजणारे उपकरण) लावून, माझ्या डोळ्यांदेखत. लातूर, नांदेड, जालन्याकडचे हौशी कारागीर आणि डिप्लोमाची मुले अशाच मशीनच्या शोधात तिकडे जात असतात, म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

जाहिरातीत ‘बॉलस्क्रू, झीरो बॅकलॅश’ असे म्हटले होते. बॉलस्क्रू म्हणजे नटमध्ये गोळ्या असलेला, टेबल सरकवणारा स्क्रू; आणि बॅकलॅश म्हणजे दिशा बदलताना टेबल हलण्याआधी वाया जाणारी मोकळी हालचाल, म्हणजेच प्ले. स्क्रू खरोखरच १६०५ जातीचे, म्हणजे १६ मिमी व्यासाचे आणि ५ मिमी लीडचे (एका फेऱ्यात टेबल ५ मिमी सरकवणारे) होते. व्यापाऱ्याने मॅग्नेटिक स्टँड स्पिंडलच्या हेडला लावला, ०.०१ मिमीच्या डायलचे टोक टेबलावरच्या व्हाइसला टेकवले, संगणकावरून टेबल १ मिमी पुढे नेऊन मागे आणले आणि काटा बरोबर शून्यावर आलेला दाखवला. ‘‘बघा भाऊ, काटा दोन रेघांच्या वर चुकला तर पैसे परत,’’ असे तो चारचौघांत म्हणाला. पक्के बिल मागितल्यावर मात्र जुन्या मालाला बिल नसते असे सांगून त्याने इसाराची साधी चिठ्ठी हातावर ठेवली.

जालन्याला मशीन बसवून ॲल्युमिनियमच्या पट्टीत ६०८ बेअरिंगसाठी २२ मिमीचे भोक गोलाईत फिरवून काढले. बेअरिंग दोन बाजूंना अडकत होते आणि दोन बाजूंना फटीतून उजेड दिसत होता. शिवाय जिथे जिथे अक्षाची दिशा उलटते, त्या चारही जागी नखाला लागेल अशी पायरी उमटली होती. तेव्हा मोटरच्या कपलिंगवर मार्करने रेघ मारली आणि टेबल उलट दिशेने फक्त ०.०१ मिमी सरकवण्याची आज्ञा दिली. ५ मिमी लीडच्या स्क्रूला एवढ्यासाठी एक अंशसुद्धा फिरावे लागत नाही, पण रेघ झटकन सुमारे १६ अंश पुढे गेली. मशीन चालवणाऱ्या मॅक३ या संगणक प्रणालीच्या सेटिंगमध्ये पाहिले, तर बॅकलॅश कंपेन्सेशन चालू होते आणि एक्स अक्षापुढे ०.२२ मिमी भरून ठेवलेले होते. ते बंद करताच डायलनेही तेवढाच फरक दाखवला.

कंपेन्सेशन स्क्रूमधला प्ले काढत नाही. दिशा बदलताना मोटर तेवढी जास्त फिरते आणि स्क्रीनवरचा आकडा मात्र तसाच राहतो. डायलच्या टोकाचा दाब नाममात्र असल्यामुळे टेबल जागच्या जागी राहते आणि चाचणी निर्दोष दिसते; पण प्रत्यक्ष कटिंगमध्ये, विशेषतः क्लाइंब मिलिंग (कटरची धार आणि टेबल एकाच दिशेने जातात असे कटिंग) करताना, कटरच टेबलाला त्या मोकळ्या जागेत ओढून घेतो.

दुसरी लबाडी गिबची, म्हणजे टेबलाच्या सरकत्या खाचेतली फट कमी-जास्त करणाऱ्या पट्टीची होती. गिबचे स्क्रू इतके आवळलेले होते की हाताने रेटूनही टेबल हलत नव्हते, त्यामुळे खरेदीच्या वेळी ढकलून पाहिले तेव्हा काहीच जाणवले नाही. ते योग्य तेवढे सैल केल्यावर टेबल सहज पुढेमागे होऊ लागले. स्क्रूच्या मोटरकडच्या टोकाचा बीके१२ सपोर्ट (बेअरिंगचे घर) उघडला, तर आत अक्षाच्या दिशेचा दाबही पेलणाऱ्या ७००१ या अँग्युलर कॉन्टॅक्ट बेअरिंगच्या जोडीऐवजी साधी ६००१ बेअरिंग निघाली. दोन्हींचे माप १२ × २८ × ८ मिमी असल्याने ती बिनबोभाट बसतात, पण साध्या बेअरिंगमध्ये अक्षाच्या दिशेचा प्ले राहतोच. ७००१ची जोडी पाठीला पाठ लावून बसवली, लॉकनटने प्रीलोड (प्ले उरू नये म्हणून आधीच दिलेला दाब) दिला, आणि ०.२२चा आकडा ०.०६ मिमीवर आला. उरलेला प्ले नटमधला आहे. त्यासाठी डबल नट तरी लावावा लागेल किंवा नटमध्ये किंचित मोठ्या व्यासाच्या गोळ्या भराव्या लागतील.

व्यापाऱ्याला फोन केला तेव्हा ‘सी७ ग्रेडच्या स्क्रूला एवढे चालतेच’ असे उत्तर मिळाले. हे साफ खोटे आहे. सी७ या अचूकतेच्या श्रेणीतला ३०० मिमीला ०.०५ मिमी हा आकडा लीडच्या चुकीचा असतो, बॅकलॅशशी त्याचा संबंध नाही. पैसे परत देण्याचा विषय काढताच त्याने फोन ठेवला.

मशीन पाहायला जाताना स्वतःचा डायल आणि मार्कर न्यावा. आधी कंपेन्सेशनचे पान उघडून ते बंद करायला लावावे, गिब सैल करून घ्यावे, आणि टेबलाच्या मध्यावर तसेच दोन्ही टोकांना माप घ्यावे, कारण सर्वाधिक वापर मधल्या भागाचा होत असल्याने स्क्रू तिथेच जास्त झिजतो. डायल लावलेला असतानाच टेबल दोन्ही बाजूंनी हाताने रेटावे आणि काटा किती हलतो ते पाहावे. बिलावर ‘कंपेन्सेशन बंद ठेवून मोजलेला बॅकलॅश’ असे लिहून प्रत्येक अक्षाचा आकडा आणि सही घ्यावी. ते द्यायला विक्रेता तयार नसेल तर इसार देऊ नये. माझ्याकडे चिठ्ठीशिवाय कागद नाही. तरीही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर मी तक्रार नोंदवत आहे, आणि काढलेली ६००१ बेअरिंग जपून ठेवली आहेत.