सात महिने फेराइट, तांब्याची पट्टी आणि आरसीए कॅप्स वापरल्यानंतर

मी हडपसरला राहतो, आकाशवाणीच्या टॉवरपासून फार लांब नाही. बाबांच्या एलपी ऐकायच्या म्हणून टर्नटेबल (तबकड्या वाजवायचं यंत्र) घेतलं, जोडलं, आणि पहिल्याच रविवारी सकाळी सात-पाचला विलंबित ख्यालाच्या मागून पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या ऐकू आल्या. शब्द न् शब्द कळत होता. त्यात भर म्हणून सलग घरघर. ही घरघर विजेच्या ५० हर्ट्झची आणि तिच्या दुपटीची, म्हणजे १०० हर्ट्झच्या आसपासची, आणि गायक काळी एकमध्ये गात असला की ती तीव्र मध्यमाच्या जवळ जाऊन बसते. तानपुऱ्यात नसलेला स्वर खालून सतत लागलेला. एलपी ऐकवेना.

मग ‘शिल्डिंग’ म्हणून, म्हणजे बाहेरची विद्युत गडबड अडवायला, जे जे विकतात ते मागवलं. अँपच्या रिकाम्या आरसीए सॉकेटवर (ऑडिओ वायर खुपसायच्या गोल भोकांवर) बसवायच्या चांदीच्या मुलाम्याच्या कॅप्स, चिकटवायची तांब्याची पट्टी, आणि वायरवर टचकन बसणारे फेराइटचे, म्हणजे चुंबकीय सिरॅमिकचे, क्लिप. सगळं मिळून साडेसहा हजार गेले.

कॅप्सबद्दल आधी सांगतो, कारण सर्वात महाग त्याच होत्या. पहिले दोन आठवडे मलाही वाटत होतं की आवाज जरा मोकळा झालाय. मग मुलीला अँपमागे उभं केलं आणि मी डोळे मिटून बसलो. तिने मनाला येईल तशा कॅप्स लावायच्या किंवा काढायच्या, मी सांगायचं. दहापैकी पाच बरोबर. पुन्हा केलं, तर चारच. त्या दिवशी काढल्या त्या काढल्याच. तुमच्याकडे असतील तर एवढं पाहा, आतून शॉर्ट केलेली, म्हणजे मधली पिन आणि बाहेरची कडी जोडलेली, कॅप फक्त इनपुटला लावायची. आउटपुटला लावली तर ते आउटपुटच शॉर्ट होतं.

तांब्याची पट्टी अँप आणि टर्नटेबलच्या मधल्या फळीला लावली. घरघरीत काडीचा फरक नाही, आणि पडणारही नव्हता. ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र एवढ्या पातळ तांब्यातून आरपार जातं. त्याला अडवायला निकेल-लोखंडाचा म्यू-मेटल लागतो, नाहीतर अंतर. अंतर फुकट होतं. टर्नटेबल अँपच्या डोक्यावरून उचलून कपाटाच्या दुसऱ्या टोकाला, साधारण ७० सेंटिमीटरवर ठेवलं आणि घरघर लगेच निम्म्यावर आली. उरलेली अर्थिंगच्या वायरमध्ये होती. टर्नटेबलच्या त्या हिरव्या वायरच्या टोकाचा चिमटा काळा पडला होता, स्क्रूही बोटाने फिरेल इतका सैल. बारीक पॉलिशपेपरने तांबं चकचकीत होईपर्यंत घासलं, स्क्रू आवळला. आता आवाज पूर्ण वाढवून स्पीकरला कान लावला तरच काहीतरी जाणवतं.

हे सगळं टर्नटेबललाच का भोवतं, तर मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या भागातून) जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात आणि सीडी प्लेअरमधून २ व्होल्ट. चारशेपट फरक. शिवाय फोनो स्टेज, म्हणजे टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवणारा वेगळा डबा, आरआयएए कर्व्हनुसार (तबकडीवर दाबून कोरलेला खर्ज परत वाढवायचं ठरलेलं प्रमाण) ५० हर्ट्झला १ किलोहर्ट्झच्या मानाने सुमारे सातपट उचलून धरतो. म्हणूनच माझ्या सीडी प्लेअरवर वरच्या कुठल्याच वस्तूने काही बदललं नाही. ज्यांच्याकडे फक्त सीडी किंवा स्ट्रीमर आहे आणि काहीच गुणगुणत नाही, त्यांनी खरंच पैसे घालू नयेत.

राहिल्या बातम्या. टोनआर्मपासून (सुई धरणाऱ्या दांडीपासून) येणारी वायर अँटेनासारखी वागते, आणि फोनोतला पहिला ट्रान्झिस्टर पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर सोलून त्यातला निवेदकाचा आवाज बाहेर काढतो. जुन्या रेडिओत डायोड हेच काम करायचा. मागवलेले क्लिप लावले, आवाज तसाच. मला वाटलं हाही पैसा पाण्यात. पण क्लिप बहुतेक करून दहा-वीस मेगाहर्ट्झच्या पुढच्या गडबडीसाठी बनवतात, आणि त्यातून वायर एकदाच जाते. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, सात वेढे घातले तर जवळपास ४९ पट. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन मँगनीज-झिंक फेराइटची मोठी रिंग आणली, ती मिडीयम वेव्हला चालते. टर्नटेबलच्या आरसीए वायरचे सात वेढे, फोनोच्या अ‍ॅडॅप्टरच्या वायरचे दुसऱ्या रिंगवर सात. दोन्ही रिंग फोनोच्या अगदी जवळ ठेवल्या. बातम्या गेल्या, त्या अजून आलेल्या नाहीत. दोन रिंगांचे मिळून साडेतीनशे रुपये. ऐन पावसाळ्यातही त्या परतल्या नाहीत. तानपुऱ्याच्या दोन तारांमधली शांतता मला या घरात पहिल्यांदा ऐकू आली, आणि बाबा पूर्ण एक बाजू मध्ये न उठता ऐकत बसले.

एक कुरकुर बाकी आहे. हॉलचा पंखा तीनवर असला की डाव्या स्पीकरमधून बारीक ‘झर्र’ येतं. रेग्युलेटर जुना डिमर प्रकारचा आहे, तो वीज प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात कापतो. रिंगा लावूनही ते जात नाही. कपॅसिटरवाला रेग्युलेटर आणून ठेवलाय, इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय.